नऊ फुल्या

एप्रिल महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी साडेसहा वाजता ओपल रॅटलिफ शाळेच्या स्वयंपाकघरात आली. तिने एप्रन बांधला, केसांवर जाळी चढवली आणि भोजनगृहाच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर खडूने त्या दिवशीचे जेवण लिहून काढले : घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, कोबीची कोशिंबीर, सफरचंदाची करंजी. तिचे अक्षर टपोरे आणि किंचित उजवीकडे झुकलेले होते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी ती वेलीच्या तणाव्यासारखी वर वळवीत असे. पहिलीतली कित्येक मुले पुस्तकापूर्वी हा फळाच वाचायला शिकली होती.

मग तिने सरकारी पाककृतीचा कागद डोळ्यांपुढे धरला आणि मोठ्याने वाचू लागली. तिची जोडीदारीण ज्युएल चष्मा घरी विसरण्यात पटाईत होती.

"मीठ किती म्हणतंय सरकार?" ज्युएलने विचारले.

"दोनशे चाळीस मुलांना पाऊण वाटी."

"सरकारनं जन्मात कधी उसळ खाल्लीय का? दीड टाक. आणि कुणी तपासायला आलं तर म्हण, ज्युएलला दिसत नाही."

दोघी हसल्या. हसता हसता ओपलने कागद खाली ठेवला, कारण थट्टेतले ते शेवटचे वाक्य थट्टेचे नव्हते. रविवारी चर्चमध्ये मुलांच्या वर्गाला बायबल वाचून दाखवणाऱ्या या बाईने, मागच्या नऊ वर्षांत नऊ वेळा, हात वर करून कायद्यापुढे शपथ घेतली होती की आपल्याला वाचता येत नाही. आणि त्या शपथेखाली सहीच्या जागी नऊ वेळा फुली मारली होती.

हे कसे घडले ते नीट सांगितले पाहिजे, कारण ब्रायर जिल्ह्यात याला कोणी गुन्हा म्हणत नसे. याला 'मदत घेणे' म्हणत. केंटकीच्या पूर्व डोंगरांतल्या या जिल्ह्यात नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. सगळे एकाच पक्षाचे. त्यामुळे त्या पक्षाचा उमेदवार ठरवणारी मे महिन्यातली प्राथमिक निवडणूक हीच काय ती खरी लढत. कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा नोकऱ्या देणारी एकच जागा उरली, ती म्हणजे शाळा. शिक्षक, बसचालक, झाडूवाले, स्वयंपाकिणी या सर्वांना नेमणारे आणि काढणारे एव्हरेट स्लोन हे बावीस वर्षे जिल्ह्याचे शाळा-अधीक्षक होते, आणि राज्याच्या विधानसभेत त्यांचा जावई बसत असे. कायद्यात एक दयाळू कलम होते : ज्याला दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्याने तशी शपथ घ्यावी आणि मतयंत्राच्या पडद्याआड सोबत एक मदतनीस न्यावा. कलम आंधळ्यांसाठी केले होते. स्लोनसाहेबांनी त्यातून डोळसांना बांधायची दोरी वळली. शाळेत नोकरी हवी, तर मेमध्ये मदत घ्यायची. मदतनीस स्लोनांचा. तो कळ ओढताना पाहतो, किंवा स्वतःच ओढतो. पडदा असतो, पण तो बाहेरच्यांसाठी.

कोणी म्हणेल, ओपलने नकार का दिला नाही? ज्याने हा प्रश्न विचारला त्याने तिच्या घरी जाऊन पाच मिनिटे बसावे. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी तिचा नवरा डेल्मर खुर्चीत असतो. एकवीस वर्षांच्या खाणकामात कोळशाची धूळ त्याच्या फुप्फुसांत बसली आहे. त्याच्या नाकाला नळी आहे, नळीच्या दुसऱ्या टोकाला हिरवी ऑक्सिजनची टाकी, आणि टाकीतून दिवसरात्र बारीक सुसकारा येत असतो. दर सोमवारी नव्या टाक्या येतात, त्या ओपलच्या नोकरीतल्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला आणि विमा गेला की तो सुसकारा थांबला. रेवा नावाची बसचालक एका वर्षी एकटीच पडद्याआड गेली होती. सप्टेंबरात तिला सर्वांत लांबच्या खोऱ्याची फेरी मिळाली आणि नाताळापूर्वी तीही काढून घेतली. रेवा आता ओहायोत असते, असे म्हणतात.

त्या शनिवारी दुपारी एक जुनी निळी गाडी ओपलच्या दारी थांबली. टपावर लाकडी फळी बांधलेली, आणि फळीवर गोठ्याला लावतात त्या लाल रंगाने लिहिलेले : आयडा ब्लँटन, विधानसभेसाठी.

"बाई!" ओपल धावत ओट्यावर आली. "या ना, या. पण गाडी तेवढी मागं लावता का? रस्त्यावरून दिसते हो."

"पोरी, माझं नाव दोन फुटांच्या अक्षरांत लिहिलंय ते दिसावं म्हणूनच ना?" ब्लँटन बाई म्हणाल्या. पण ओपलचा चेहरा त्यांनी पाहिला आणि मुकाट्याने गाडी घरामागे नेऊन लावली.

ब्लँटन बाईंनी चौतीस वर्षे त्या शाळेत पहिली-दुसरी शिकवली होती. ओपलला त्यांनी वाचायला शिकवले, ज्युएलला शिकवले, डेल्मरचा धाकटा भाऊ हर्शेल याला तर दोन वर्षे शिकवले, कारण पहिल्या वर्षी त्याने शिकायला साफ नकार दिला होता. निवृत्त झाल्यावर त्या स्लोनांच्या जावयाविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रचाराला पैसा नव्हता. कोळसा वाहणाऱ्या एका ठेकेदाराने मदतीचे पाकीट पाठवले, तेव्हा त्यांनी ते परत केले. सोबतच्या पत्रातल्या चार चुका लाल शाईने सुधारून.

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला.

"अर्ज भरायला कचेरीत गेले होते. म्हटलं, आलोच आहोत तर जुने कागद बघू. ही आपल्या केंद्राची मदत घेणाऱ्यांची यादी. यातली एकेचाळीस नावं माझ्या वर्गातली आहेत, ओपल. मला वाटलं, मग चौतीस वर्षं मी काय केलं? झोपा काढल्या?"

ओपलने कागदाकडे पाहिले. आपल्या नावापुढची फुली तिला ओळखू आली. मुद्दाम वेडीवाकडी काढलेली होती.

"मला वाचता येतं हो, बाई," ती इतक्या हळू म्हणाली की टाकीचा सुसकारा तिच्या आवाजापेक्षा मोठा वाटला.

"ते मला नको सांगूस. तुझ्या आईला सांग, ती असती तर. सहाव्या वर्षी तू तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचीस."

"बाई, तुमच्यावर राग नाही माझा," डेल्मर खुर्चीतून म्हणाला. एवढे बोलायला त्याला मध्ये एकदा थांबावे लागले. "पण ही टाकी बघताय ना?"

"बघतेय, डेल्मर. म्हणूनच मी हिच्याकडे मत मागायला आलेच नाही. फक्त मी कशासाठी उभी आहे ते सांगायला आले. एकच गोष्ट आहे. नोकरीवर ठेवणाऱ्याचा माणूस पडद्याआड जाता कामा नये. एवढा एक कायदा मला करायचाय. मग मी घरी जाऊन बटाटे लावीन."

बाई उठल्या. त्या दारापर्यंत पोचल्यावर ओपल म्हणाली, "प्रचाराचं काही छापलंय का तुम्ही?"

"कोरी पोस्टकार्डं घेतलीत दोनशे. हातानंच लिहितेय. पण बोटं आखडतात आता. तीस झाली."

ओपलने दाराबाहेर पाहिले, रस्त्याकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मत नाही देता यायचं, बाई. पण कार्डं ठेवून जा. कार्डं कुणी लिहिली ते कुणाला कळतंय?"

त्या गावातल्या माणसाने कधी करू नये अशी ही चूक होती. ज्या डोंगरात सगळे सगळ्यांना गाडीच्या आवाजावरून ओळखतात, तिथे आपले अक्षर कोणी ओळखणार नाही असे तिला वाटले. कारण नऊ वर्षे कायद्यापुढे अक्षर नसलेली बाई म्हणून उभे राहिल्यावर, आपल्याला अक्षर आहे हे जणू ती स्वतःच विसरली होती.

दोन आठवडे, शाळेतून आल्यावर, ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून लिहीत राहिली. डेल्मर खिडकीतून रस्ता पाहत बसे आणि गाडी दिसली की काठीने जमिनीवर टकटक करी. तशी टकटक झाली की कार्डे मक्याच्या पिठाच्या डब्यात जात. एकदा टकटक ऐकू येईपर्यंत हर्शेल दारात उभा होता.

"वहिनी, तुमच्या करंज्यांचा वास पुलापर्यंत येतोय. असा छळ करू नये गरिबाचा."

हर्शेल शाळेच्या बसगाड्यांचा मुकादम होता. गोरा, गोल, सदा हसतमुख. भावाच्या टाक्या तोच गाडीतून उतरवून आत आणी. ओपलला नोकरी त्यानेच लावली होती. नऊ वर्षांपूर्वी, 'फक्त एक फुली, वहिनी, त्यात काय मोठं,' असे म्हणून पहिल्यांदा पडद्याआड सोबत आलेला तोच होता, आणि तेव्हापासून दर मे महिन्यात तोच येत होता. वाईट माणूस दारात आला तर दार लावता येते. आपल्या माणसाला कसे अडवायचे?

तो दोन करंज्या उभ्याउभ्याच खाऊन गेला. जाताना म्हणाला, "मतदानाला लवकर या हं. दुपारी मला मासे धरायला जायचंय." मग त्याची नजर तिच्या उजव्या हातावर गेली. मधल्या बोटावर निळी शाई होती.

ओपलने हात एप्रनमध्ये गुंडाळला. हर्शेलने तोंड पुसले, भावाच्या खांद्यावर थोपटले, आणि निघून गेला. हसतमुख माणूस न हसता गेला, म्हणून त्या संध्याकाळी ओपल बोटावरची शाई घासत बसली.

पुढच्या गुरुवारी दुपारच्या जेवणाला स्लोनसाहेब शाळेत आले. ते वर्षातून एकदा, नाताळच्या जेवणाला येत. आज करड्या सुटात ते भोजनगृहाच्या दाराशी थांबले आणि हात मागे बांधून फळा वाचू लागले. एक फळा वाचायला जितका वेळ लागावा त्याहून फार जास्त वेळ ते तिथे उभे होते. ज्युएलने ओपलच्या कमरेला कोपर लावले. ओपलच्या हातातला डाव उसळीत पडला.

ताट घेऊन ते तिच्यासमोर आले.

"ओपल, हा फळा रोज तूच लिहितेस?"

"हो, साहेब."

"मोत्यासारखं अक्षर आहे. माझ्या सासूबाईंना परवा एक पोस्टकार्ड आलं. अगदी असंच वळण. शेवटी अशी शेपटी." त्यांनी हवेत बोटाने ती काढून दाखवली. "थोडा पाव अजून वाढ. छान झालाय."

त्यांनी सगळे जेवण शांतपणे संपवले, ताट स्वतः आणून ठेवले, आणि तिथेच रेलून हळू आवाजात बोलू लागले. मुलांच्या गोंगाटात ते फक्त तिलाच ऐकू येत होते.

"डेल्मर कसा आहे? टाक्या वेळेवर येतात ना?"

"येतात, साहेब."

"येत राहोत. मी एका गोष्टीची काळजी करतोय बघ. नऊ वेळा तू सरकारपुढं शपथेवर सांगितलंस की वाचता येत नाही. उद्या कुणी म्हणालं, ही तर पत्रं लिहिते, तर ती खोटी शपथ झाली. त्याला तुरुंग आहे. माझ्या स्वयंपाकिणीवर अशी पाळी आलेली मला आवडणार नाही. मंगळवारी हर्शेल असेलच मदतीला. दरवर्षीसारखा."

साहेब निघून गेल्यावर ज्युएलने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

या रूढीची खरी गोम इथे आहे, आणि सुधारणेची भाषा बोलणाऱ्यांनीही ती पुरती ओळखलेली नाही. जुलूम करणारा जुलूम करतो एवढेच नव्हे. तो ज्याच्यावर जुलूम करतो त्याच्याकडूनच एक लहानसा गुन्हा करवून घेतो आणि त्याचा कागद आपल्याजवळ ठेवतो. मग तक्रार करायला निघालेला माणूस प्रथम स्वतःविरुद्ध साक्षीदार होतो. ओपलचे दोन्ही रस्ते बंद होते. मदत घेतली तर दहावी खोटी शपथ. न घेतली तर पहिल्या नऊ उघड्या.

सोमवारी दुपारी टाक्या आल्या. हर्शेलने त्या आत आणून ठेवल्या. तो गेल्यावर डेल्मर म्हणाला, "फुली मारून मोकळी हो. बाई काही बोलणार नाहीत."

"त्या बोलणार नाहीत, तेच तर," ओपल म्हणाली.

मंगळवारी शाळेला सुट्टी होती आणि मतदान भोजनगृहातच होते. ओपल रोज ज्या दाराने आत येई त्याच दाराने आली. फळ्यावर सोमवारचे जेवण तसेच होते, तिच्याच अक्षरात. समोर हिरव्या पडद्याचे लोखंडी मतयंत्र. टेबलाशी केंद्राची कारकून टिप्टनबाई बसली होती, आणि तिच्या शेजारी हर्शेल उभा. रांगेत पंधरा-वीस जण होते, त्यांतले बहुतेक शाळेचे. ओपलच्या मागे ज्युएल होती. भिंतीला टेकून, काही काम नसल्यासारखे, शाळेचे उपअधीक्षक उभे होते.

"तुझा कागद भरून ठेवलाय," टिप्टनबाई म्हणाली. नाव, पत्ता, कारण, सगळे टंकलेखन केलेले होते; फक्त तळाची जागा मोकळी होती. "हात वर कर आणि इथं फुली मार. मला सांगायची गरज नाही, सवय आहे तुला."

"चला वहिनी," हर्शेल म्हणाला. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

ओपलने पेन हातात घेतले. तिला टाकीचा सुसकारा ऐकू येत होता, जरी टाकी तिथून तीन मैलांवर होती. तिने डाव्या हाताने टेबलाची कड धरली. ती फुली मारणार होती. पेन कागदाला टेकलेही होते. परंतु वाचता येणाऱ्या माणसाची एक अडचण असते : डोळ्यांपुढे ओळ आली की ती वाचली जाते. नऊ वर्षे तिने हा कागद न पाहता फुली मारली होती. आज घाबरून मान खाली गेली आणि ओळ समोर आली.

ती मोठ्याने वाचू लागली. चर्चमधल्या मुलांना वाचून दाखवते त्या आवाजात, शब्द सुटे सुटे करून.

"'मी, खाली सही करणार, गांभीर्यपूर्वक शपथ घेते की, मला इंग्रजी भाषा वाचता येत नाही, आणि म्हणून...'"

रांगेतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"ओपल, काय करतेस?" टिप्टनबाई पुटपुटली.

"'... आणि म्हणून मतयंत्रावरील नावे मला समजत नाहीत.'" ओपलने पेन खाली ठेवले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसायचेही तिला सुचत नव्हते. "हे मी आत्ता वाचलं. सगळ्यांनी ऐकलं. आता याच्यावर फुली कशी मारू?"

उपअधीक्षक भिंतीपासून पुढे आले. "हर्शेल, बाईंची तब्येत बरी दिसत नाही. त्यांना आत ने."

हर्शेल जागचा हलला नाही. टिप्टनबाईने उपअधीक्षकांकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले, आणि शेवटी दुसरी वही पुढे सरकवली. ज्यांना वाचता येते त्यांची. ओपलने तिथे पूर्ण नाव लिहिले, शेवटच्या अक्षराच्या शेपटीसकट, आणि एकटी पडद्याआड गेली.

आत गेल्यावर तिला कळेना काय करायचे. नऊ वर्षे ती या यंत्रापुढे उभी राहिली होती, पण यंत्रावर काय लिहिले आहे ते तिने कधी पाहिले नव्हते. तिने हर्शेलचा खांदाच पाहिला होता. नावे शोधायला वेळ लागला. ब्लँटन बाईंचे नाव सर्वांत खाली होते. तिने कळ ओढली. आवाज इतका मोठा झाला की बाहेर सगळ्यांना कळले असे तिला वाटले आणि तिने घाबरून दोन्ही हातांनी तोंड झाकले.

बाहेर आली तेव्हा कोणी तिच्याकडे पाहिले नाही. ज्युएलने तिच्यादेखत हात वर केला, शपथ घेतली, फुली मारली, आणि हर्शेलच्या मागे पडद्याआड गेली. ओपल चालत घरी आली. आपण मूर्खपणा केला, आणि तोही एकटीने, असे तिला वाटेभर वाटत होते.

ब्लँटन बाई हरल्या, आणि थोडक्याने हरल्या नाहीत. बुधवारी सकाळी हर्शेल आला. आज तो दारात थांबला. आत या म्हणेपर्यंत आला नाही.

"आपल्या केंद्रावर बाईंना किती मतं पडली ऐकलंत का, वहिनी?"

"एक."

"चौदा."

ओपलने त्याच्याकडे पाहिले. त्या केंद्रावर स्लोनांविरुद्ध दोनहून अधिक मते कधीच पडली नव्हती.

"ज्युएल आत आली," हर्शेल टोपी फिरवत म्हणाला, "आणि मला म्हणते, 'हर्शेल, या पडद्याला भोकं किती पडलीत, मोज जरा.' मी म्हटलं, काय? म्हणते, 'पाठ करून मोज.' मी पाठ केली. मोजली. तिच्यामागून अठरा जण आले. प्रत्येकाला मीच म्हटलं, थांबा हं, मला भोकं मोजायचीत." तो हसायला गेला, पण हसू आले नाही. "अकरा आहेत, दादा. एकोणीस वेळा मोजली."

डेल्मर बराच वेळ खोकला, किंवा हसला. त्याच्या बाबतीत दोन्हींचा आवाज एकच होता.

ही गोष्ट गोड आहे म्हणून तिच्यावर थांबण्याचा मोह होतो, परंतु तो टाळला पाहिजे. एकोणीस माणसांना त्या दिवशी आपले मत आपल्या मनाने देता आले, ते हर्शेलने पाठ फिरवली म्हणून. पुढच्या मेमध्ये पडद्याआड दुसरा माणूस असेल आणि त्याला भोके मोजण्यात रस नसेल. जो हक्क दुसऱ्याच्या दयेवर मिळतो तो हक्क नव्हे, उसनवारी आहे. आणि शिवाय, एकोणीस जणांनी त्या दिवशीही खोटी शपथ घेतलीच होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओपलला शाळा-कचेरीचे पत्र आले. तिने ते ओट्यावर उभी राहून उघडले, आत आली, आणि डेल्मरला वाचून दाखवले. तिला वाटले होते पत्रात निवडणुकीचा उल्लेख असेल. एका शब्दाने नव्हता. पत्रात लिहिले होते की, स्वयंपाकघरात काम करणाऱ्यास पाककृती व सुरक्षिततेच्या सूचना वाचता येणे आवश्यक आहे. श्रीमती ओपल रॅटलिफ यांनी नऊ वेळा शपथपूर्वक नमूद केले आहे की त्यांना वाचता येत नाही. सबब मुलांच्या सुरक्षिततेस्तव त्यांची सेवा तत्काळ समाप्त करण्यात येत आहे.

ती एकदाही अडखळली नाही.

ब्लँटन बाई दुपारी आल्या. या खेपेला ओपलने गाडी मागे लावायला सांगितले नाही. बाईंनी पत्र दोनदा वाचले.

"दाद मागता येते," त्या म्हणाल्या. "सरकारी वकिलाकडं निवेदन देता येतं. पण मी तुला फसवणार नाही, पोरी. तुला वाचता येतं हे सांगायचं, म्हणजे नऊ शपथा खोट्या होत्या हेही सांगायचं. ते तुलाही उभं करू शकतात. आणि आत सोबत कोण होतं, हे पहिलंच विचारतील."

ओपलने हर्शेलकडे पाहिले. तो जिन्याखाली टाक्या लावत होता. विम्यातल्या शेवटच्या तीन. खिडकीपाशी डेल्मरने, कोणाचे लक्ष नाही असे पाहून, टाकीचा काटा दोनवरून दीडवर आणून ठेवला. उरलेल्या टाक्या जास्त दिवस पुराव्यात म्हणून. ओपलचे लक्ष होते. ती उठली, काटा परत दोनवर नेला, आणि पुन्हा टेबलाशी येऊन बसली.

"मला भीती वाटते, बाई," ती म्हणाली.

"मलाही वाटते," बाई म्हणाल्या. "उमेदवारीच्या अर्जावर सही केली त्या दिवसापासून."

"बाहेरचं कुणी असतं तर नाव लिहिलं असतं. पण भाऊजी..."

"लिहा माझं नाव, वहिनी," हर्शेल जिन्याखालून म्हणाला. तो बाहेर आला नाही. "नऊ वेळा मी तुमच्या जागी कळ ओढली, ते लिहा. कोणी सांगितलं होतं तेही लिहा. फक्त नीट लिहा हं. बाई तपासतील."

हे वाचणाऱ्याने आपल्या गावाकडे, आपल्या कचेरीकडे, आपल्या घराकडे एकदा पाहावे, आणि चांगले लिहिता येणाऱ्या किती माणसांना आपण फुली मारताना पाहिले व मान फिरवली, ते मोजावे. ब्रायर जिल्ह्यातला कायदा अजून बदललेला नाही. ब्लँटन बाई पुढच्या खेपेला पुन्हा उभ्या राहणार आहेत. त्यांच्या गाडीवरची फळी त्यांनी काढलेली नाही.

ओपलने पिठाच्या डब्यातून उरलेली कोरी पोस्टकार्डे काढली, बाजूला ठेवली, आणि मोठा कागद घेतला. पहिली ओळ तिने लिहिली : 'मी, ओपल रॅटलिफ, मला वाचता येते, आणि मी नऊ वेळा खोटे सांगितले.' अक्षर नेहमीइतके सुंदर आले नाही. पण ते कोणालाही वाचता आले असते.